गोदेच्या दोन काठांचं राज्य

"अध्यक्षाला कोंडून ठेवायचा अधिकार विधिसभेला दिला कुणी?" नाना वॉर्डातल्या खाटेवरून माझ्यावर ओरडत होते. आवाज असा, की शेजारच्या पेशंटचं सलाईन उलटं बाटलीत चढलं आणि तिकडे निफाडला वेलीवरची द्राक्षं गळली. नर्स धावत आली. "आजोबा, बीपी वाढेल!" "बीपी माझ्या खात्यात येतं, बाई. तुम्ही मध्ये पडू नका."

उभी नोकरी नानांनी तहसील कचेरीत दुसऱ्यांच्या सहीखाली शिक्के मारले. रिटायर झाले आणि त्यांनी थेट देशच काढला! इंग्रज आल्या जहाजाने परत गेले असते, तर गोदाकाठच्या गावांनी मिळून जे प्रजासत्ताक केलं असतं, ते. त्याची घटना पंचवटीत नानांच्या ओट्यावर आम्ही दोघांनी लिहिली. सरकार नाशिकच्या काठावर, न्यायालय पंचवटीच्या. का? तर पूर आला की मंत्र्याला न्यायाधीशाकडे चहाला जाता येत नाही. निदान तेवढे दिवस तरी खरा न्याय होतो. विधिसभा भाताच्या घोटीला, कारण पोटभर भात जेवलेला माणूस भांडत नाही, पेंगतो. अध्यक्ष नाना. अख्खी विधिसभा म्हणजे मी, रशीद. सरन्यायाधीश वहिनी, म्हणजे नानांची बायको. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं... आतून भाजी निवडता निवडता त्या म्हणतील तो निकाल, त्यावर अपील नाही, हे कलम मात्र खुद्द नानांच्या अक्षरात.

तर त्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, आता इलाज संपले. इथे ठेवलं तर चार दिवस वाढतील, इतकंच. नानांना घरी जायचं होतं. विधिसभेने एकमताने ठराव केला, इथेच राहायचं. एरवी मी शंभर थापा मारतो, पण हे खरं सांगतो, मला ते चार दिवस हवे होते.

"फितूर!" नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच बसला. मग आम्ही दोघांनीही वहिनींकडे पाहिलं. त्या डब्याचं झाकण लावत होत्या.

"रशीदभाऊ, रिक्षा बघा."

घरी नाना नऊ दिवस होते. तेवढ्यात त्यांनी मला दोनदा बरखास्त केलं आणि तीनदा पुन्हा निवडून आणलं.

दशक्रिया झाली, पाहुणे पांगले, तेव्हा मी विचारलं, "वहिनी, तो निकाल कोणत्या कलमाखाली दिलात?"

"कलम कसलं? तिथली उशी त्यांना उंच होत होती."