चहाबरोबरची पुडी

तो फोन आजही जसाच्या तसा आठवतो. पोलीस ठाण्यातली सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. कल्याणच्या एका रुग्णालयातले डॉक्टर बोलत होते. दिवा स्टेशनजवळ राहणारी, घरोघरी पोळ्या करणारी एक बाई अत्यवस्थ होती. बोटाला विळी लागली एवढंच निमित्त. पू कोपरापर्यंत गेला होता, रक्तदाब टिकत नव्हता. "हिच्या शरीराची लढायची ताकदच कशाने तरी मारलीय. मला स्टेरॉइडचा संशय आहे. पण बाई आणि घरचे म्हणतात, कसलंच औषध चालू नाही. काय घेतलंय आणि किती, ते आजच कळायला हवं."

मी तिच्या मुलाला ठाण्यात बोलावलं आणि उलटसुलट विचारलं. "साहेब, आई गोळीला हात लावत नाही हो," एवढंच तो सांगत राहिला. तो लपवतोय असं वाटून मी आवाज चढवला. दोन तास वाया गेले.

आमच्या महिला हवालदार माझ्यापेक्षा शहाण्या. त्या दिव्याच्या चाळीत शेजारणीकडे जाऊन बसल्या आणि औषधाचं नावच काढलं नाही. "मावशी सकाळी उठल्यापासून काय काय खातात?"

"चहाबरोबर शहाडवाल्याची गुडघ्याची पुडी," शेजारीण म्हणाली. "वर्ष झालं असेल. कसली भरलीय बघा, तोंडावर तेज आलंय."

ते तेज नव्हतं, सूज होती. हे डॉक्टरांकडून कळलं.

औषध निरीक्षकांना घेऊन आम्ही शहाड गाठलं. पुडीवाला गोडबोल्या. "निव्वळ जडीबुटी आहे, साहेब." पंचनामा झाला, पुड्या सील झाल्या. पण प्रयोगशाळेचा अहवाल यायला आठवडे लागतात आणि बाईकडे तेवढा वेळ नव्हता. इतक्यात भिंतीला धरत त्याची म्हातारी आई बाहेर आली. गुडघे पार वाकलेले, अंगाला तेलाचा वास. मी विचारलं, "आईंना पुडी का देत नाही?"

त्याच्याऐवजी म्हातारीच म्हणाली, "मला नको म्हणतो. तुला सोसायची नाही म्हणतो."

मग त्याने मान खाली घातली आणि मिक्सरमध्ये स्टेरॉइडच्या कोणत्या गोळ्या दळायचा, एका पुडीत किती टाकायचा, सगळं सांगितलं. जबाब नंतर लिहिला, आधी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "वर्षभराची सवय इथे आल्यावर एकदम तुटली, म्हणून रक्तदाब कोसळतोय. आता उपाय करता येईल. आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना पुड्या फेकून द्यायला सांगू नका, आधी आमच्याकडे पाठवा."

चौथ्या दिवशी बाईचा ताप उतरला, तिने भात मागितला. निरोप ऐकून मी खुर्चीत मागे टेकलो. इतकं हलकं नोकरीत मला क्वचितच वाटलं असेल.

बाईचा जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो तेव्हा ती म्हणाली, "साहेब, मी खोटं नाही बोलले. औषध घेता का विचारलं, मी नाही म्हटलं. पुडीचं कुणी विचारलंच नाही."

तिचं बरोबर होतं. माणसं खोटं कसं बोलतात, हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली होती. खरं बोलणाऱ्यालाही त्याच्या भाषेत विचारावं लागतं, हे मला तिने शिकवलं. बाहेर बाकावर तिचा मुलगा बसला होता. त्याच्याशेजारी जाऊन बसलो आणि त्याची माफी मागितली.