सरिताताईंची ‘खरखर’ आणि आंबागडचा डबा

कारध्यात कोणालाही विचारा, तो सांगेल की सरिताताई बहिऱ्या आहेत. पुलाजवळच्या पानठेल्यावर तर हे तोंडातला खर्रा न सांडता, ओठ मिटूनच सांगतात: "बह्यरी हाये बावा ते. मी तीनदा आवाज देलो, वळून पायलं नाई. अन् म्हने भोंग्यायचं मासिक काहाडते." मग एक पिचकारी, की झालं शिक्कामोर्तब.

खरी गोष्ट अगदी उलटी आहे. सरिताताईंना जरा जास्तच ऐकू येतं. वैनगंगेच्या पुलावर जवाहरनगरची फॅक्टरी बस चढली की मालट्रक, हे त्या घरात भाजी चिरता चिरता सांगतात. त्या वळून पाहत नाहीत, कारण त्या घाबरतात. हाक मारणाऱ्याला काहीतरी हवं असतं आणि नाही म्हणायला त्यांची जीभ उचलत नाही. म्हणून ऐकूच आलं नाही असं दाखवून चालत राहायचं, ही त्यांची लहानपणापासूनची युक्ती. कंडक्टरनं सुटे मागितले तरी त्या दचकतात.

अशा बाईनं लोकांच्या मालाला नावं ठेवायचं मासिक काढावं, म्हणजे पाण्याला भिणाऱ्यानं डोंगा चालवायला घ्यावा तसंच. त्यांची आई सुलोचनाबाई तर पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "कुत्र्याले भेतेस तू, अन् दुकानदारायसंग भांडतेस?"

पण स्वतःच्या कानापुढे सरिताताईंचं काही चालेना. नागपूरच्या एका शोरूममध्ये गिऱ्हाइकाला स्पीकर वाजवून दाखवायच्या कामाला त्या होत्या. तिथे त्यांनी पाहिलं की ज्याची जाहिरात, त्याचंच कौतुक. फुकट आलेला स्पीकर लिहिणाऱ्याच्या कानाला गोडच लागतो. आणि आपल्याकडे जे खरं वाजतं, विहारातला माईक, भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर, नाटकाच्या मंडपातले स्पीकर, त्याबद्दल तर कोणी अक्षरही लिहीत नाही. मंडळं वर्गणी करून दुकानदार देईल ते उचलतात आणि पुढे वर्षानुवर्षं त्याची कुंईकुंई ऐकत बसतात. सरिताताईंनी शोरूम सोडलं, घरी आल्या आणि ‘खरखर’ सुरू केलं. जाहिरात एक नाही. खर्च सगळा वर्गणीदारांचा: विहारांच्या समित्या, भजनी मंडळं, नाटकवाले. वर्गणीदारानं काही नवीन घेतलं की सरिताताई त्याच्याच जागी जाऊन ते ऐकणार. कारण वाजायचं आहे टिनाखाली, तर शोरूमच्या गाद्यागिरद्यांत ऐकून करायचं काय? अंकाच्या पहिल्या पानावर त्यांनी शब्द दिला होता, जे कानाला आलं तेच लिहू, कोणाच्या भिडेनं फिरवणार नाही.

आणि पहिल्याच अंकात त्या ताराचंदांच्या वाटेला गेल्या.

ताराचंद तुमसरचे. स्पीकरच्या पेट्या, ज्यांना सगळे डबे म्हणतात, ते स्वतः बनवतात. त्या बाजूला लग्न असो की जयंती, डबा ताराचंदांचाच. तसाच एक आंबागडच्या महिला मंडळानं विहारासाठी घेतला होता. सरिताताईंनी जाऊन ऐकला आणि लिहिलं: ढोलकी वाजली की पाट आपटल्यासारखी वाटते, घुमारा म्हणून नाही. आणि आवाज अर्ध्याच्या वर नेला की डब्यातला वरचा, बारीक आवाजाचा भोंगा किंचाळतो.

अंक वाटून झाला आणि फोन आला. ताराचंद ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गोड बोलले. धिप्पाड माणसाचा बारीक आवाज, दर शब्दाआधी एक श्वास: "वाचलो जी म्याडम तुमचा अंक. भेऊ नका. मी मारायले थोडी येऊन राहिलो? आयकायले येऊन राहिलो. रविवारी, विहारात, सगळ्यायसमोर. लिहिलं ते माह्या तोंडावर सांगा, बस."

तेव्हापासून सरिताताईंचा कान रस्त्यावर. पुलावर जीप वाजली की त्या मागच्या दारापाशी जाऊन उभ्या राहत. आजारी पडावं, बस चुकावी, फोनच हरवावा, सगळं मनात येऊन गेलं. छापखान्याची चूक झाली म्हणावं, असंही आलं. पण पहिल्याच अंकातला शब्द भीतीनं फिरवला, तर दुसऱ्या अंकातला कोण खरा मानणार? मग ‘खरखर’ बंदच केलेलं बरं. धीर धरायला त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं.

रविवारी त्या ताराचंदांच्या आधीच आंबागडला पोचल्या. मंडळाच्या अध्यक्ष गोदावरीबाईंनी विहार उघडून दिलं. डबा कोपऱ्यात, भिंतीला टेकून, अंगावर वेलबुट्टीची पांढरी चादर. मागच्या खेपेलाही असाच होता. बायांनी इतक्या कौतुकानं सजवलेला, की चादर काढा, डबा सरकवा, असं सांगायची सरिताताईंना भीती वाटली होती. होता तसाच त्यांनी तो ऐकला होता. आज त्याहून मोठी भीती येऊ घातली होती, म्हणून ही लहान भीती कशीबशी गिळली गेली.

"काकू, चादर काढता? अन् डबा थोडा पुढं घेऊ."

डबा पुढे आला. मागच्या फळीला मुठीएवढं भोक होतं आणि त्यात निळ्या लुगड्याचा बोळा कच्चून भरलेला. डब्याला श्वास घ्यायला भोक ठेवतात. हवा तिथून ये-जा करते, तेव्हा ढोलकी घुमते. ते भोक बुजवलं की डब्याचा गळाच आवळला.

गोदावरीबाई अभिमानानं म्हणाल्या, "ते म्या कोंबलं. धानाच्या दिवसात उंदरं शिरतेत ना बाई. नवा डबा, कुरतडला तं?"

सरिताताईंनी ओढलं, तर लुगडं येतच राहिलं. मग ढोलकीचं गाणं लावलं. ढोलकी अशी घुमली की खिडकीची तावदानं थरथरली. आपण बरोबर ऐकलं, ही धीराची एकच गोष्ट होती, तीही गेली.

गोदावरीबाईंना सगळं नाही, तरी अर्धं कळलं. त्या कानाशी आल्या. "परत कोंबू का? त्याले काय मालूम पडते?"

बाहेर चढावर ताराचंदांची जीप गिअर बदलत होती. लुगडं सरिताताईंच्या हातातच राहिलं.

ताराचंद आले, बरोबर चार माणसं. तोवर बायाही जमून चटईवर बसल्या होत्या. ताराचंद भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि तसेच श्वास घेऊन म्हणाले, सांगा. सरिताताईंनी माईक घेतला, पण आधी त्यांचे शब्द नाही, धापच अख्ख्या विहाराला ऐकू गेली.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. लुगडं वर धरून त्यांनी सगळं सांगितलं. गोदावरीबाईंनी पदर तोंडाला लावला तेव्हा त्यांनी हेही सांगितलं, की दोष काकूंचा नाही, डबा सरकवायला मीच भ्याले. मग ढोलकीचं गाणं वाजवून दाखवलं. ताराचंदांचा चेहरा असा काही उजळला की त्यांची माणसं हसायला लागली.

"मंग छापा ना म्याडम," ते म्हणाले. "एक नंबर डबा. पह्यल्या पानावर."

बायाही म्हणाल्या, छापा, छापा. चहाचं आधण चढलेलंच होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

सरिताताईंनी आवाजाचं बटण फिरवलं. अर्ध्यावर. मग अर्ध्याच्या वर. भोंगा असा किंचाळला की पुढच्या बायांनी कानावर हात ठेवले. त्यांनी गाणं बंद केलं, पण शांततेत त्यांचा आवाज जास्तच कापत होता. "घुमारा चांगला आहे, ते पहिल्या पानावर छापते. माझी चूकही छापते. पण भोंगा किंचाळतो. ते राहील."

चौघं हसायचे थांबले. सरिताताईंनी माईक दोन्ही हातांनी धरला होता आणि त्या ताराचंदांकडे नाही, त्यांच्या पायांकडे पाहत होत्या. पाय एक पाऊल पुढे आले. मग थांबले.

"ते मालूम हाये मले," ताराचंद हळू बोलले. "चांगला भोंगा टाकला तं डबा महाग पडते. मंग कोन घेते?"

आणि चहा न घेता निघून गेले. आजवर ते वर्गणीदार झालेले नाहीत. उलट त्यांच्या ओळखीच्या एका नाटक मंडळानं वर्गणी बंद केली. ‘खरखर’चा दुसरा अंक मात्र निघाला.

राहता राहिली माझी गोष्ट. मी सरिताताईंच्या शेजारची, दिवसभर लोकांचे आवाज काढत फिरणारी, त्या दिवशी हट्टानं बरोबर गेलेली. जाताना बसमध्ये मी त्यांच्याशी पैज लावली होती, की ताराचंदांसमोर त्या शब्द फिरवणार. त्या हरल्या तर ‘खरखर’चं एक पान माझ्या नकलांना. मी हरले तर अख्खा दिवस फक्त स्वतःच्या आवाजात बोलायचं, ना पानठेला, ना सुलोचनाबाई, ना ताराचंद. "मी चुकले" ऐकलं तेव्हा मी मनात पानाचा मथळाही ठरवून टाकला होता. पण भोंग्यापाशी त्या हटल्या नाहीत आणि मी हरले. सोमवारी सकाळी मी माझ्याच आवाजात चहा मागितला, तर आई चुलीपासून उठून आली आणि माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "घसा बसला का वं तुया?"