न खपलेलं पाणी

असोद्याहून निघताना सुनंदाच्या आईनं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी बांधून दिली. सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण, साक्रीपलीकडच्या एका गावात शिक्षिका. आधी धुळं, मग साक्री अशा एसट्या बदलत आम्ही दुपारी पोचलो. केळीच्या बागा केव्हाच मागं पडल्या होत्या. इथं उघड्या टेकड्या आणि पावसावरची बाजरी.

सुनंदा शाळेत गेली, मी आठवडे बाजारात. गर्दी होती, पण आवाज नव्हता. माणसं एकेकटी उभी राहत, वस्तू घेत आणि लगेच पुढं सरकत. मधोमध एक मोठं किराणा दुकान होतं, मालानं भरलेलं, आत एकही गिऱ्हाईक नाही. समोर खड्डा असावा तशी माणसं त्याला वळसा घालून जात होती.

मला तहान लागली होती. मी आत शिरले. साठीच्या दुकानदारानं भिंतीजवळच्या रांगेतून पाण्याची बाटली काढली आणि बराच वेळ तिच्यावरची धूळ पुसली.

"बाहेरगावच्या दिसता," ते म्हणाले.

बाटली हातात घेऊन मी बाहेर आले. शेंगा मागितल्या, तर शेंगावालीनं तराजू खाली ठेवला. मिरचीवाल्याला भाव विचारला, तर तो ऐकूच न आल्यासारखा समोर बघत राहिला. पुढंही तेच. कुणाच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी इतकी घाबरले नसते. भरबाजारात मी कुणाला दिसतच नव्हते.

शेवटी कांदे विकणाऱ्या एका म्हातारीनं जवळ बोलावलं. तिचं डावं मनगट वाकडं होतं. बाजूचे तिला अक्का म्हणत. तिनं आपल्या तांब्यातलं पाणी मला दिलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. माझ्या हातात होती तसल्या पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यानं बोअर मारले, तशा गावच्या विहिरी आटल्या. बायका फाटकापुढं बसल्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, वर दगडफेकीच्या केसेस घातल्या. बायकांनी दगड मारले, अशा जबाबावर दुकानदार नानांनी साक्षीदार म्हणून सही केली. त्यानंतर चार माणसं जमली तरी पोलिसांची गाडी यायची. म्हणून माणसं जमायची थांबली, आणि नानांकडून काही घ्यायचीही.

"हे ठरवलं कुणी?" मी विचारलं.

"कोन्ही सांगं नही. बठ्ठास्ले माहीत शे." (कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत आहे.)

मी न उघडलेली बाटली परत करायला गेले. नानांनी ती घेतली.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "कोणी भांडतसुद्धा नाही. मी रोज दुकान उघडतो, दिवसभर माझाच श्वास ऐकतो. त्या दिवशी कागद पुढं केला, मी घाबरलो, सही केली." मग म्हणाले, "अक्काला सांगाल? कोर्टात मी खरं सांगेन."

मी निरोप दिला. अक्का कांदे निवडत राहिली.

"कोर्टमा सांग म्हना," ती म्हणाली. "आठे (इथं) नको."

हे उत्तर नानांना सांगितलं. त्यांनी बाटली पुन्हा रांगेत ठेवली.

परतीच्या एसटीत, धुळं येईपर्यंत मी कुणी आपल्याकडे बघतंय का, एवढंच तपासत होते.

दोन महिन्यांनी सुनंदाचा फोन आला. नानांनी कोर्टात सांगितलं, की दगड कुणीच मारला नव्हता, सही भीतीनं केली. पुढच्या बाजारच्या दिवशी अक्का एकटी त्यांच्या दुकानात गेली आणि तिनं मीठ घेतलं. तिच्यामागून शेंगावाली गेली, मग मिरचीवाला. संध्याकाळपर्यंत दुकानात उभं राहायला जागा नव्हती.

"आणि बाटल्यांतलं पाणी?" मी विचारलं.

"त्याला कुणी हात लावला नाही," सुनंदा म्हणाली. "नानांनीही नाही."