बारा गोगलगायी आणि कलकत्ता मेल

कलकत्त्याला लोक कालीच्या दर्शनाला जातात, नोकरीला जातात, फार तर रसगुल्ल्यासाठी जातात. मी बारा मेलेल्या गोगलगायींची सोबत म्हणून गेलो.

गोगलगायी अण्णांच्या. अण्णा बर्वे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, वेंगुर्ल्याच्या शाळेत शास्त्र शिकवणारे मास्तर. खडकावर त्यांना हरभऱ्याएवढी एक समुद्री गोगलगाय सापडली आणि ही जात जगाला ठाऊकच नाही, असं त्यांनी ठरवलं. नव्या जातीला शोधणाऱ्याचं नाव मिळू शकतं. "तीस वर्षं मुलांकडून दुसऱ्यांची लॅटिन नावं पाठ करून घेतली," ते मला म्हणाले. "मे महिन्यात निवृत्त होतोय. एक नाव माझं असू दे." परीक्षांमुळे त्यांना रजा नव्हती. जात नवी की जुनी हे सांगणारे जाणकार कलकत्त्याला; अण्णांनी त्यांना पत्र टाकलं होतं. माझा मामेभाऊ बापूही तिथेच रेल्वेत. झालं, ठरलं.

नमुने स्पिरिटमध्ये न्यायचे, पण आमच्याकडे दारूबंदी. अण्णा परवान्याला गेले.

"पिणार कोण?" कारकुनाने विचारलं.

"पिणार नाही कोणी. गोगलगायी बुडवायच्यात."

"मग त्यांचं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा."

शेवटी वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, सूत्रं हाती घेतली. "माझ्या हातची कैरी वर्षभर टिकते, या चार दिवस टिकायला काय झालं?" मिठाचं पाणी, दोन चमचे हळद, चिमूटभर हिंग. बरणीला दादरा बांधून त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: वेंगुर्ल्याहून मोटारीने बेळगाव, तिथून रेल्वेने कल्याण आणि कल्याणला मेल. पुढे दोन रात्री. सुरई घरून न्या, संत्री नागपूरला घ्या. आणि बरणी दिसू देऊ नका. वर्ध्याचे एक गृहस्थ माझ्या बरणीकडे बघत कोरडी पोळी चावत होते. अखेर म्हणाले, "लोणचं एकट्यानेच खायचं का हो?"

"सोवळ्यातलं आहे," मी म्हणालो. ते सरकून बसले.

बापूचं बिऱ्हाड गार्डन रीचला. त्याची कलकत्त्यात वाढलेली मुलगी दारातच म्हणाली, "काका, तू कधी आली?" मी आली तशी बरणीही आली. बापूची बायको उघडायलाच निघाली होती. आत काय आहे ते सांगितल्यावर बरणीची रवानगी गॅलरीत आणि माझी थेट आंघोळीला झाली.

सकाळी ट्रामने बेहाला. दुसऱ्या वर्गाने जा; पंखा नसतो, पण भांडणं चांगली ऐकायला मिळतात. सियालदहलाही जाऊन आलो. तिथे पूर्व बंगालमधून आलेली माणसं फलाटावरच चुली मांडून आहेत. त्यावर मला विनोद सुचला नाही.

बेहालात ते जाणकार घोषालबाबू राहतात, निवृत्त प्राध्यापक. घरात शंखशिंपले इतके, की बसायला खुर्ची मागितली तेव्हा त्यांनी आधी खुर्चीवरचे सत्तर शिंपले उचलले. त्यांनी एक गोगलगाय चिमट्यात धरली, भिंगाखाली नेली आणि इंग्रजीत ओरडले, "पिवळी! माहीत असलेली जात पिवळी नसतेच! आणि या बाराही पिवळ्या! म्हणजे नवीच!"

"मेहुण्यांनी पत्रात पांढरट लिहिलंय," मी पुटपुटलो.

"मेहुण्यांना चष्मा घ्यायला सांगा. ठेवल्या कशात होत्या?"

इथे मी, ज्याच्या जिभेला सगळं गाव घाबरतं तो मी, म्हणालो, "मिठाच्या पाण्यात." हळद गिळली. अण्णांचा चेहरा दिसत होता हो! वर परतताना अण्णांना तारही ठोकली: नवी जात. अभिनंदन.

दुसऱ्या दिवशी गेलो तर घोषालबाबू बाटलीकडे टक लावून बसलेले. त्यांनी रात्रभर स्पिरिटमध्ये ठेवलेल्या गोगलगायी पांढऱ्याफटक झाल्या होत्या. स्पिरिट मात्र सुरेख पिवळं.

"हळद," ते म्हणाले.

"हिंगही आहे," मी म्हणालो. आता लपवण्यात काय हशील!

ते रागावतील वाटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "आमच्या घरात रोज माशाला हळद-मीठ लावतात. मला कालच वास यायला हवा होता. ही साधी जात आहे, महाशय. उष्ण समुद्राच्या खडकाखडकावर मिळते." आणि मला संदेश नावाची बंगाली मिठाई खायला घातली.

दुसरी तार करायला मी तीनदा पोस्टापर्यंत गेलो. तीनदा नुसती पाकिटं घेऊन परतलो. भित्र्या माणसाने प्रवास करू नये, किंवा निदान तारा करू नयेत.

वेंगुर्ल्यात उतरलो तो शाळेला तोरणं. हेडमास्तर, हार, दोनशे मुलं. अण्णांना व्यासपीठामागे ओढून मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ उपरण्याचं टोक पिळत उभे राहिले.

"स्पिरिट पिवळं झालं? पूर्ण?"

"पूर्ण."

ते वर गेले, हार बाजूला ठेवला आणि मुलांना म्हणाले, "वह्या काढा. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. पुरावा: माझी नवी जात." मग सगळी हकिगत सांगितली, स्वतःला न वाचवता. मला मात्र वाचवलं. तारेचा उल्लेखच नाही. आजवर मी लोकांना टोचून पुष्कळ टाळ्या घेतल्या, पण त्या दिवशी पहिल्या रांगेत मला मान वर करवेना.

कलकत्त्याचं काय उरलं? बापूच्या गॅलरीत राहिलेली वहिनींची बरणी, आणि हे. मुलं आता खडकावर ओरडतात, "आज बर्वे भरपूर असत रे!" अण्णा फिरायला येतात तेव्हा मुलं जीभ चावतात. अण्णा रागावत नाहीत. वाकून मुलाच्या हातातली गोगलगाय घेतात, उलटीसुलटी करतात आणि परत देतात.

"हा बर्वे नव्हे. बर्वे असा उन्हात बसत नाही."