पावडर लावलेला शेरू

कुत्र्याचे केस अन् किस्से सारखेच. कितीही झाडा, पदराला चिकटूनच राहतात! जबलपूरच्या एका कुत्र्यांच्या दवाखान्यात, लेसरच्या खोलीत मी कुत्रे धरते. चौथी पास आहे, पण माझ्या हातून आजवर एकही सुटला नाही.

निम्मे किस्से एकट्या शेरूचे. म्हातारा, मागचे पाय गेलेले. मालक देवघरे काका फॅक्टरीतून रिटायर. तरी सकाळी भोंगा झाला की दोघं गेटपर्यंत जाऊन यायचे. शेरू बसला, तसं तेही बंद. डॉक्टर म्हणाले, "पायांना लेसरचा शेक देऊ, सहा सिटिंग करू. उभा झाला तर ठीक." नाही झाला तर काय, ते कोणी बोललं नाही.

*

लेसर चालू असला की खोलीत सगळ्यांनी काळा गॉगल लावायचा. कुत्र्यानंसुद्धा! शेरूला चढवला, तर काका ताडकन उभे.

"काय झालं?"

"हुबेहूब आमचे फोरमन साहेब! बसून कसं राहू?"

पूर्ण सिटिंग उभेच होते!

*

काळे केस लेसरनं लवकर तापतात, म्हणून डॉक्टर पॉवर कमी ठेवतात. शेरू कुळकुळीत. काका भडकले, "गोऱ्या कुत्र्याला जास्त अन् आमच्याला कमी काहून?"

"भाजला तर गोरा होईल का तो? चुप बसा!" मी म्हटलं.

पुढच्या वेळी काकांनी शेरूला पावडर लावून आणलं!

*

पाच सिटिंग झाल्या, शेरू जागचा हलेना. काकांची मुलगी म्हणाली, "बाबा, हाल करून राहिले तुम्ही त्याचे. कायमची झोपायची सुई देऊन टाका."

मी विचारलं, "बाबांचेही गुडघे गेले ना ताई? त्यांना कधी आणता?"

मी माफी मागितली नाही.

*

सहावी सिटिंग आली इतवारी. लेसर झाला. डॉक्टर म्हणाले, "काका, उठवा त्याला."

काकांनी तोंडाशी हात धरून फॅक्टरीचा भोंगा काढला. बाहेर बसलेले सगळे कुत्रे विव्हळायला लागले. शेरूनं एक डोळा उघडला अन् मिटला.

डॉक्टरांनी सुईचा फॉर्म काढला.

"थांबा!" काकांनी कपाळावर हात मारला. "आज इतवार! सुट्टीच्या दिवशी तो कशाला उठतो?"

डॉक्टर माझ्याकडे पाहून राहिले.

"पाहता काय?" मी म्हटलं. "बरोबर आहे त्यांचं. उद्या बोलवा!"

सोमवारी काकांनी पुन्हा भोंगा काढला. शेरूचे मागचे पाय थरथरले. उठला! धडपडत दारापर्यंत गेला अन् काकांकडे वळून उभा राहिला. मुलगी रडून राहिली, डॉक्टर टाळ्या वाजवून राहिले.

काका मात्र घामाघूम. सगळे खिसे चाचपून झाले.

"अरे थांब शेरू! गेटपास घरीच राहिला!"