बुजलेलं भोक

माझ्या हृदयाला जन्मतःच भोक होतं. सहाव्या वर्षी ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून माय एकच सांगत आली, "बुजलं." शेतातलं उंदराचं बीळ बुजवल्यासारखं. छातीवरच्या वणाबद्दल कोणी विचारलं तर, "लहानपनी कढईवर पडली." असा सरळ उभा वण कोणत्या कढईनं पडतो, हे मात्र कोणी विचारलं नाही.

यंदा मी शिकवते त्या शाळेचा जिना चढताना मला धाप लागायला लागली. मायचं म्हणणं, वजन वाढलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सरळ अमरावतीच्या लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञाकडे पाठवलं. जन्मापासूनचं दुखणं तेच पाहतात म्हणे, पेशंट कितीही थोराड असो.

तिथं काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "बाळाचं वय?"

"अडतीस," माय म्हणाली.

"महिने?"

"वर्षं," मी दातओठ खात म्हटलं. तिनं सवयीनं मला चॉकलेट दिलं.

आत डॉक्टर मला विचारत आणि उत्तर माय देई. "झोप बरी हाये. जेवाले लय कटकट करते."

"शेवटची तपासणी कधी केली होती?"

मायनं पिशवीतून पिवळी पडलेली फाइल काढली. वरच्याच कागदावर लिहिलं होतं, दरवर्षी दाखवणे.

"मंग कावून नाही नेलं मले?" मी डॉक्टरांसमोरच भडकले.

"तुही सोयरीक जमली नसती. लोक म्हनले असते, पोरीच्या काळजात भोक हाये. अन् लग्न झाल्यावर मले वाटलं, बुजलं ते बुजलं."

इको झाला. एक झडप गळत होती. पुन्हा ऑपरेशन लागेल का, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता नाही. पण दरवर्षी यायचं, मरेपर्यंत. चुकवलंत तर हृदय आतल्या आत थकेल आणि तुम्हाला कळायचंही नाही."

बाहेर येताना मी मायला मागे टाकून पुढं चालत आले. काउंटरवर पुढच्या वर्षीचं कार्ड मिळालं. लहान मुलांचंच छापील कार्ड ते. खाली ठळक अक्षरात ओळ होती, 'पालकांनी सोबत येणे आवश्यक.'

मायनं ती बोट ठेवून दोनदा वाचली. कार्ड घडी करून कमरेच्या पिशवीत खोचलं.

"घ्या," ती म्हणाली. "आता पुढच्या साली मले मरताबी येत नाही."

मी चॉकलेट मोडलं आणि मोठा तुकडा तिला दिला.