एकवीस घासण्या

निजामाची राजवट उठण्याआधीच्या एक-दोन वर्षांतली ही हकिकत आहे. मी सोलापुरात एका छापखान्यात खिळे जुळवत होतो आणि महिन्यातून एकदा जळकोटजवळच्या आमच्या गावी, महारवाड्यातल्या घरी जात होतो. अशाच एका फेरीत आईनं ज्वारीच्या कणगीतून फडक्यात गुंडाळलेली मूर्ती काढली. पाटलाच्या शेतात बांध घालताना आदल्या दिवशी ती तिच्या कुदळीला लागली होती.

मूर्ती वीतभर उंचीची, पितळी. मांडी घालून बसलेला पुरुष. बारीक कुरळे केस, माथ्यावर उंचवटा, कानाच्या लांब पाळ्या, भुवयांच्या मधे मोहरीएवढा ठिपका. डावा हात मांडीत. उजवा गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीला टेकलेली.

"कोन देव हाय रं?"

मला माहीत नव्हतं.

"कोन का आसंना. मातीला हात लावून बसलाय. आपल्यातलाच दिसतोय."

मी म्हणालो, सोलापुरात विचारून येतो, तोवर कुणाला दाखवू नको. हा सल्ला माझा होता, याची नोंद असावी.

छापखान्यात येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना मी वर्णन सांगितलं. त्यांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं. बुद्ध. या जागेवर बसण्याचा तुझा अधिकार काय, असं तपात विघ्न आणणाऱ्या मारानं विचारलं, तेव्हा त्यानं हात टेकवून पृथ्वीलाच साक्षीला बोलावलं. "चिंच, राख काही लावू नका," ते म्हणाले. "जुनं पितळ आहे, नाक-डोळे आधीच झिजलेले असणार. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, ओल लागू देऊ नका." आई ती लुगड्याच्या जुन्या तुकड्यानं तशीच पुसत होती, कुणी न सांगता.

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा कणगीत मूर्ती नव्हती. एकविसाव्या दिवशी चावडीवर कुणीतरी चुगली केली होती आणि पाटलानं मूर्ती महादेवाच्या देवळात नेली होती. तिथं ठरलं की जितके दिवस ती महारवाड्यात राहिली तितक्या घासण्या घालायच्या, रोज एक. मी पोचलो त्या दिवशी नववी चालू होती. देवळाच्या दारात गुरव चिंच आणि विटकरीची पूड घेऊन काथ्यानं रगडत होता. मी पायरीखाली उभा राहिलो.

"मूर्ती झिजतेय. ती बुद्धाची आहे."

"जटा दिसंनात व्हय तुला?" गुरव म्हणाला. "ध्यानातला म्हादेव हाय. कानातली कुंडलं तेवढी गळाल्यात."

पाटील हसला. "बोटं काळी केली म्हून आता देव शिकवाय लागला! आरं, एकईस दिस देव तुमच्यात वनवासाला हुता. वास जायला नको?"

"नऊ झाल्या, पाटील. आता थांबवा. तोंड जाईल त्याचं."

"मग पयल्याच दिवशी का न्हाय आनून दिला? लपवून ठेवा आसं कुनी सांगितलं हुतं?"

घासणी चालू राहिली.

त्यानंतरच्या फेरीत गावात शिरलो तोच निरोप आला. एकवीस घासण्या पुऱ्या झाल्या होत्या आणि नाक-डोळे नसलेली मूर्ती पूजेला चालत नाही, असं गुरवानं सांगितलं होतं. ती ओढ्याच्या डोहात सोडायची होती, आणि ते काम महारवाड्याचं होतं. आई गेली. मीही गेलो.

मूर्ती पायरीखाली धुळीत ठेवलेली होती. चेहरा पळीच्या पाठीसारखा गुळगुळीत. टेकलेली बोटं बैठकीत विरघळून गेलेली.

"आता आमचा हात चालतो व्हय, पाटील?" आईनं विचारलं.

"आता त्यो देव न्हाय. उचल."

आईनं उचलली, पदरानं धूळ पुसली आणि ओढ्याकडं न वळता भर दुपारी गावातून, चावडीसमोरून, घरी आणली. चावडीवर माणसं बसलेली होती. कुणी हटकलं नाही. चेहरा होता तोवर जी मूर्ती आमच्या घरात एक दिवसही जास्त राहू दिली नाही, ती चेहरा गेल्यावर कुणालाच नको होती.

माणसं अडाणी होती, असं आता मला समजावलं जातं. हे खरं नाही. नवव्या दिवशी मी पायरीखालून, साध्या शब्दांत, काय झिजतंय ते त्यांना सांगितलं होतं. त्यानंतर बारा घासण्या घातल्या गेल्या.